लोला इम्पेंगची वेणी

डॉक्टर माग्बानुआ,

‘आदरणीय’ लिहायला हात वळत नाही.

काल माझा राजीनामा घेताना तुम्ही हसलात. “पगारासाठी दुबईला चाललीस ना, रोविलिन?” मी मान डोलावली. खोटं होतं ते.

कंबरेचं हाड मोडलेली आपल्या वॉर्डातली इम्पेंग आजी, सगळ्यांची ‘लोला’, शस्त्रक्रियेनंतर अन्नाला शिवत नव्हती. सगळे दटावत होते. मी जवळ बसून विचारलं, “लोला, काय हवंय?”

“पोरी, अशा झिंज्या घेऊन चारचौघांत जेवू?”

मी तिची वेणी घातली. तिने वाटीभर पेज चाटूनपुसून खाल्ली. कित्येक महिन्यांनी मला आपण नर्स आहोत असं वाटलं.

तेवढ्यात तुम्ही आलात आणि अख्ख्या वॉर्डासमोर ओरडलात, “हे काय पार्लर आहे? बाकीचे पेशंट कोण बघणार?”

बघायला नर्सेस उरल्यात कुठे? अशाच एकेक करून तुम्ही घालवल्यात!

दुसऱ्या दिवशी मी फणी घेऊन गेले, तर लोलाने माझा हात धरला. “नको गं, तुला बोलणी बसतील.” आणि जेवणाचं ताट न शिवताच दूर सरकवलं.

पगार आहे तेवढाच राहिला असता तरी मी राहिले असते. तुम्ही मला माणसापाशी बसू दिलं नाहीत.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. दुबईवाल्यांना माझ्या चांगल्या वागणुकीचा दाखला हवाय, आणि तो तुम्हीच देणार आहात.

आता तुमच्या हाताखाली नसलेली,
रोविलिन