वाट कोणाची?

काशीद, २ ऑगस्ट

ती. बापूकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आमच्या वाडीशेजारची जागा मुंबईच्या एका गृहस्थांनी घेतली आणि समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटेवर फाटक बसवलं. मासेवाल्या बायकांना आता मैलभर वळसा पडतो. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पंचायतीची नवी सदस्य म्हणून मला बोलायचंय, आणि चार माणसांपुढे मी आजवर कधी बोललेले नाही. तुम्ही जन्मभर मराठी शिकवलंत, एक घणाघाती भाषण लिहून द्या. काकू बरी आहे ना?

लोभ आहेच, तो भाषणापुरता वाढवावा.
तुमची आश्लेषा

अलिबाग, ६ ऑगस्ट

चि. आश्लेषास अनेक आशीर्वाद.

काकू ठणठणीत आहे. भाषण वाचून दाखवलं तर तिला डुलकी लागली. सोबत चार पानं आहेत, पाठ कर. पहिल्या पानाच्या शेवटी ‘ही वाट कोणाची?’ असा प्रश्न आहे, तो जपून टाक. त्याला उत्तर द्यायचं नसतं. विचारायचं आणि गप्प राहायचं. उत्तर प्रत्येकाच्या मनात आपोआप उमटतं. घाईने पुढे गेलीस तर सगळं वाया.

यशस्वी हो.
बापूकाका

काशीद, १६ ऑगस्ट

ती. बापूकाकांस सा. न.

प्रश्न विचारला आणि गप्प राहिले. तर मागून कृष्णाबाई मासेवाली उठली. म्हणाली, कोनाची काय इचारतेस, माज्या सासूची हाय. चिखलात पाय रुतायचे म्हणून सासूने डोक्यावरून दगड आणून टाकले होते. नवी सून असताना हिनेही वाहिले. मग गुणाजी उठला. त्याच्या आजाला शेवटचं त्याच वाटेने नेलं होतं. एकामागून एक अकरा जण बोलले आणि ग्रामसेवकांनी सगळं लिहून घेतलं. ते गृहस्थही तिथेच बसले होते. आपल्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणाले. आज सकाळी फाटक निघालं.

तुमची उरलेली तीन पानं पर्समध्येच राहिली. रागावू नका, काका. काकूला नमस्कार.
आश्लेषा

अलिबाग, २० ऑगस्ट

चि. आश्लेषास आशीर्वाद.

रागावलो होतो, दोन दिवस. मग सातवीचा एक वर्ग आठवला. आईवाचून आपलं कोण असतं, असं मी विचारलं आणि नेहमीसारखा थांबलो. रंगू नावाची मुलगी उभी राहून म्हणाली, आत्या असते. वर्ग हसला. मीही हसलो, आणि अशा प्रश्नाला उत्तर देत नाहीत असं समजावून तिला खाली बसवलं. तिला आत्यानेच वाढवलं होतं, हे मला ठाऊक होतं.

रंगू आता माणगावला असते, असं कळलं. रविवारच्या एसटीने जातोय. काय बोलायचं ते लिहून घेतलेलं नाही.

घरी सगळ्यांना आठवण सांग.
तुझा बापूकाका