बाई, घरी जाऊ का?

शिर्डी, रविवार

आई,
पायांवर डोकं ठेवून सांगते, मी मजेत आहे. जेवण बरं असतं, पंखासुद्धा फिरतो.

शिक्षकांच्या या सुटीतल्या कोर्सचा एक दिवस बुडला, तरी सगळी क्रेडिट जातात. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दादाला सोबत ने. गुडघा शेकतेस ना?

काल माझा नमुना पाठ होता. त्यात आम्ही शिक्षकच तिसरीची मुलं होऊन बसतो. बाबांच्या वयाच्या फैयाज सरांनी हात वर केला. "बाई, घरी जाऊ का?"

सगळे हसले. मग कोणीच हसेना.

परीक्षक बघत होते. मी म्हटलं, "सुटी झाल्यावर. बस खाली."

सर बसले. मला पैकीच्या पैकी गुण पडले.

तुझी, इथेच बसलेली,
रेश्मा