पत्त्यांवरचं ओलं फडकं

आये, सकाळी उठले की मी आधी चूल पेटवायचे. मग भिजत घातलेले तेंदूच्या पानांचे विडीचे पत्ते पाण्यातून काढून फडक्यात गुंडाळायचे आणि त्यानंतर तुझी खाट ओढत दारासमोर उन्हात न्यायचे. खाटेचा एक पाय तोकडा होता, त्याखाली विटेचा तुकडा सरकवायचे. तू म्हणायचीस, "नगं गं उनात. तोंड जळतंय." आणि मी म्हणायचे, "ऊन खाल्लं की हाडं मोकळी हुत्यात. गप पडून ऱ्हा." हे माझं शहाणपण नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या हेच सांगायच्या, वाताला कोवळ्या उन्हासारखं औषध नाही म्हणून. मी सतरा वर्षांची होते. तुझी बोटं आखडली तशा घरच्या सगळ्या विड्या माझ्या हातावर आल्या होत्या. तुला बरं करायचंच, असं मी ठरवलं होतं.

गार पाण्यात हात घातला की तुझी बोटं पांढरी पडायची, मग निळी. सगळं माझ्या हातावर येण्याआधी तू वळलेल्या विड्या ढिल्या निघायच्या आणि कारखान्यात तपासणारा त्यातल्या निम्म्या बाजूला काढायचा. शेजारीण जाता जाता म्हणायची, "काय गं, राणीसाहेब अजून खाटंवरच?" तू पडल्या पडल्या म्हणायचीस, "व्हय की. तूबी ये, जागा हाय." तिला हसू यायचं, मला राग यायचा. खरं सांगते, मला कधी कधी तुझं दुखणं सोंग वाटायचं.

एक दिवस मी आत भाकरी थापत होते. बाहेर येऊन बघते तर तू पत्त्यांवरचं ओलं फडकं काढून तोंडावर घेतलेलं. पत्ते उघडे पडून वाळायला लागलेले. वाळला पत्ता वळताना फुटतो, हे मला तूच शिकवलं होतंस. मी ते फडकं तुझ्या तोंडावरून ओढून घेतलं. "पत्ते वाळल्यावर काय वळायचं आता? कपाळ?" तुझे दोन्ही गाल आणि मधलं नाक लाल झालं होतं, एखाद्यानं हातानं रंग फासावा तसं. मला वाटलं, फडक्याच्या घासण्यानं झालं असेल. पुढे तुझ्या पायांवर सूज चढली, लघवी कमी झाली आणि पावसाळ्याआधी तू गेलीस. ताप आला आणि गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. पुढे लग्न झाल्यावर नवऱ्यालाही तेच सांगितलं. तो अक्कलकोट रोडला टॉवेल विणायच्या मागावर कामाला होता. त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

माझी शाळा चौथीत सुटली, पण वाचन सुटलं नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा मी उलगडून वाचायचे, ते बघून तू हसायचीस. आता कुंभारी गावातल्या घरात माझी पुस्तकांची एक फळी आहे. माझ्या पोरीच्या गालांवर तुझ्यासारखाच लाल पट्टा पहिल्यांदा उठला तेव्हा ती कॉलेजात होती. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ल्युपस. म्हणाले, शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच शरीरावर उलटतात. सांधे, कातडी, मूत्रपिंड, कशावरही. आणि म्हणाले, उन्हात बसू देऊ नका, उन्हानं हा आजार भडकतो. मी घरी येताना वाचनालयातून त्यावरचं पुस्तक आणलं. त्यात गार पाण्यात बोटं पांढरी पडतात ते होतं, गाल होते, पायांची सूजही होती. तव्यावरची भाकरी जळून धूर झाला तरी मी पुस्तक घेऊन तशीच बसले होते.

पोरीची औषधं सहा वर्षं चालली. शेवटी मूत्रपिंड ऐकेनासं झालं, तेव्हा आम्हाला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं एक चाचणी सुरू होती. एका निरोगी, अनोळखी माणसाच्या पेशी घ्यायच्या, त्यांच्या जनुकांत कापून बदल करायचा आणि त्या रुग्णाच्या अंगात सोडायच्या, म्हणजे उलटलेल्या पेशींना त्या शोधून संपवतील. डॉक्टर स्पष्ट बोलले. अजून फार थोड्या माणसांना दिलंय, गुण येईलच असं नाही, जिवावरही बेतू शकतं. पोरगी मला हळूच म्हणाली, "आई, विडीच्या पत्त्यागत कात्रीनं कापत्यात व्हय गं?" मी म्हटलं, "तसंच आसंल. पन हात आखडलेला नसावा त्यांचा." ती हसली आणि तिनं सही केली. मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणाला हा आजार होता?" पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही."

पेशींची पिशवी हाताच्या पंज्याएवढी होती. त्याआधी तीन दिवस तिला कडक औषधं देऊन तिच्या स्वतःच्या पेशी कमी केल्या होत्या. तोंड सुकलेलं, डोळे खोल गेलेले. थेंब थेंब ती पिशवी रिकामी झाली. मी खुर्चीवर बसून त्या अनोळखी माणसाचा विचार करत होते, बाई असेल की बाप्या, त्याची आई असेल का. संध्याकाळी पोरगी एकदम म्हणाली, "आजीची बोटं आखडायची म्हनायचीस. आजीला हेच हुतं न्हवं?"

मी तिला सगळं सांगितलं. खाट, विटेचा तुकडा, फडकं. ती उशीवरून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुला तवा काय ठावं हुतं? पन डॉक्टरला खोटं का बोललीस? ते माझ्यासाठी इचारत हुते."

आये, ते मी तिला नाही सांगितलं. तुला सांगते. होतं म्हटलं असतं तर त्यांनी पुढं विचारलं असतं, मग तुम्ही काय केलं. पोरीच्या जिवापेक्षा मी माझी लाज जपली. उन्हानंच तू गेलीस असं डॉक्टरसुद्धा म्हणणार नाहीत, तेवढं मी वाचलंय. पण निदान तेवढा वेळ तुला तोंड झाकून पडू द्यायला हवं होतं.

पोरीला पेशी देऊन आता तीन महिने झाले. लघवीची तपासणी जरा बरी आली आहे. पुढचं आत्ता कुणी सांगत नाही, मीही विचारत नाही. हे लिहिलेलं पुस्तकांच्या फळीवर वहीत राहील.

पोरीनं विचारलं त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासायला आले, तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या आईला होतं." त्यांनी लिहून घेतलं. ते गेल्यावर खिडकीतून कोवळं ऊन पोरीच्या पायांवर आलं होतं. मी पडदा ओढून घेतला.