शिराझच्या खोलीसाठी एक चाक

बाबा, आज दुपारपासून मी तीन वेळा खुर्चीवर बसले आणि तीन वेळा उठले. समोर इंग्लंडहून आलेला जाडजूड कॅटलॉग उघडा पडलाय. त्यातल्या एका व्हॉल्व्हवर मी पेन्सिलीनं खूण केली, खोडली, परत केली. निवडायचा आहे तो एवढा एकच. बाकीच्या दहा खोल्यांचे निवडून झाले, त्यांची ऑर्डर जाऊन तीन आठवडे झाले. अकराव्या खोलीची ओळ तेवढी मी कोरी ठेवली होती. ती आता भरायची आहे, उद्या सकाळच्या डाकेत पत्र पडायला हवं. तुम्ही असता तर हात पुसता पुसता एका वाक्यात सांगून मोकळे झाला असता. पण तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली.

मी दुबईत आहे, देऱ्यात. तुमच्या जावयाचं इथं नळाच्या सामानाचं दुकान आहे. परवापरवापर्यंत ज्या गल्ल्यांत गाढवावरून पाणी यायचं, तिथं आता घरोघर नळ बसताहेत, त्यामुळे दुकानात बसायला जागा नसते. इंग्रजी पत्रं मी लिहिते. कॅटलॉग घरी येतात, मी ते वाचते, यांना समजावून सांगते, आणि दुकानात हे असे बोलतात की जणू सगळं यांनीच वाचलंय. त्याचं मला काही वाटत नाही. इंग्रजीच्या पहिल्या दोन शब्दांची ओळख तुम्हीच करून दिलीत. बोटीवरून सुट्टीवर आलात की मोरीपुढच्या फरशीवर कोळशानं लिहायचात, ओपन आणि शट. बोटीतल्या प्रत्येक चाकावर हे दोनच शब्द असतात, एवढे वाचता आले की माणूस मरत नाही, असं म्हणायचात. मदरशातल्या बाईंनी शिकवायच्या आधी मला तेवढं इंग्रजी येत होतं.

गिऱ्हाईक म्हणजे शिराझचे एक शेठ आहेत. खाडीपलीकडे त्यांची पेढी आहे, चहा आणि कापडाचा व्यापार, वय पन्नाशीचं, हिंदी आपल्यासारखंच मोडकंतोडकं बोलतात. शिराझमध्ये त्यांनी आईसाठी घर बांधलंय. तिथं थंडीत बर्फ पडतं म्हणे. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर, तिथून गरम पाण्याचे पाइप घरभर आणि प्रत्येक खोलीत भिंतीला लावलेला लोखंडी रेडिएटर. तुम्ही सांगायचात ना, विलायतेच्या बंदरात बोट लागली की साहेबांच्या केबिनमध्ये लोखंडी जाळी तापायची आणि खाली तुम्ही लोक ओले कपडे वाफेच्या पाइपावर टाकून झोपायचात, तसलीच जाळी. फक्त हिच्यात वाफ नाही, पाणी.

मेच्या उकाड्यात मी हे सगळं वाचत होते. पंखा डोक्यावर गरम हवा ढवळत होता आणि पदरानं कपाळ पुसून पुसून पदरच भिजला होता. धाकटी शाळेतून आली, चित्रं बघितली आणि म्हणाली, "अम्मी, हू वॉन्ट्स अ हीटर हिअर?" मी म्हटलं, "इथं नाही गो, शिराझला." तर म्हणते, "देन टेल देम टु टेक अवर्स. वुई हॅव प्लेन्टी." आणि खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बोट दाखवून हसत पळाली. तुमच्या जिभेवर गेली आहे ती.

एका रेडिएटरला दोन व्हॉल्व्ह लागतात, बाबा. पाणी आत येतं तिथं एक आणि बाहेर जातं तिथं एक. आत येण्याच्या बाजूला चाक असतं, ते खोलीत राहणाऱ्यानं फिरवायचं. कमी हवं तर कमी, जास्त हवं तर जास्त. दुसऱ्या बाजूला चाक नसतं, नुसती टोपी असते. फिटर एकदाच पान्यानं तो व्हॉल्व्ह बेतानं उघडतो, टोपी बसवतो आणि निघून जातो. असं केलं नाही तर बॉयलरजवळच्या खोल्या सगळं गरम पाणी ओढून घेतात आणि शेवटच्या खोलीला काही उरत नाही. हे मला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. तुम्हाला चित्र बघूनच कळलं असतं.

शेठ घरी आले त्या दिवशी मी दाराच्या आतल्या बाजूला कॅटलॉग घेऊन बसले होते. हे आणि ते बाहेरच्या बैठकीत, मध्ये पडदा. दहा खोल्या भराभर झाल्या. एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला टोपी. अकरावी खोली त्यांच्या आईची, पाइपाच्या अगदी शेवटाला, बागेकडे उघडणारी. शेठ म्हणाले, "उधर दोनो साइड टोपी. चक्का नहीं चाहिए."

"चक्का क्यूँ नहीं?" मी आतून विचारलं.

"अम्मा बंद कर देती है, बहन. तेल जलता है बोलके. डॉक्टर बोला है कमरा गरम रखो, और वो बंद करके रज़ाई में बैठती है. पिछली सर्दी में उसके हाथ नीले हो गए थे."

"उनसे पूछा?"

शेठ मोठ्यानं हसले. "अस्सी साल की है. उससे क्या पूछना?"

यांनी बाहेर घसा साफ केला. म्हणजे, पुरे. मग मला म्हणाले, "गिऱ्हाईक सांगतंय ना? यल्ला, लिहून टाक, दोन टोप्या. खलास."

माझी पेन्सिल उठेना. शेठचं चूक नव्हतं. निळ्या पडलेल्या हातांची भीती खोटी नव्हती. पण माझ्या डोळ्यांपुढे शिराझची म्हातारी नव्हती, बाबा, तुम्ही होतात, डोंगरीच्या खोलीतल्या मोरीपुढे उकिडवे बसलेले, आणि तुमचा उजवा हात नळाच्या उघड्या दांडीवर. चाक नसलेल्या दांडीवर. दोन बोटांत ती धरून तुम्ही फिरवायला बघताय, ती फिरत नाहीये, आणि तुम्ही बोटं लुंगीला पुसून परत धरताय.

चाक मी काढलं होतं. तेव्हा आपली अम्मा जाऊन वर्ष झालं होतं, हे इकडे आखातात, थोरला पाळण्यात, आणि तुमच्या डोक्यातले दिवसरात्र एकमेकांत मिसळायला लागले होते. तीस वर्षं बोटीच्या पोटात तेलवाला म्हणून काढलेली. हातात तेलाची झारी, फिरत्या दांड्यांना मधल्या मध्ये हात लावून ताप बघायचा, चाकं उघडायची, बंद करायची. ते हात घरी बसले आणि त्यांना एक नळ सापडला. पाणी असो नसो, तुम्ही तो उघडायचात, थोडा बंद करायचात, कान लावायचात, परत उघडायचात. एकदा तो उघडाच राहिला, पहाटे पाणी आलं, आणि खालच्या मजल्यावरच्या चाचींच्या पिठाच्या डब्यापर्यंत ओल गेली. त्या दिवशी मी नळाचा स्क्रू काढला, चाक सोडवलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. पाणी यायच्या वेळेला लावायचं, भरून झालं की काढायचं.

तुम्ही विचारलंत, "चाक खंय गेलं गो?"

मी म्हटलं, "चोरीला गेलं."

तुम्ही बराच वेळ विचार केलात. मग अगदी कामावरच्या आवाजात म्हणालात, "चोराला त्याचा उपयोग नाय. दुसऱ्या नळाला बसायचं नाय ते." आणि रोज सकाळी मला विचारायचात, चोर चाक परत घेऊन आला काय. मी हसून नाही म्हणायचे. मला ते तेव्हा गमतीचं वाटायचं.

मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला आणि अम्माला गोदीत नेलं होतंत. बोट रंगकामासाठी धक्क्याला लागली होती, इंजिन थंड होतं. लोखंडी जिना उतरताना अम्मानं डोळे मिटून घेतले होते. खाली एक चाक होतं, लाल रंगाचं, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. त्यावर ओपन लिहिलेलं, मला वाचता येत होतं, म्हणून मी ते धरलं. तुम्ही माझा हात इतक्या जोरात ओढलात की बांगडी फुटली. मला वाटलं, आता मारणार. तुम्ही मारलं नाहीत. खाली बसून माझ्या तोंडापाशी तोंड आणून म्हणालात, "चाकाला हात लावायचा तर आधी विचारायचं. पाइपाच्या पलीकडे कोण हाय, तुका इथून दिसता काय?" आणि मग बांगडीचे तुकडे वेचून स्वतःच्या खिशात घातलेत, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

हे सगळं मी शेठना सांगितलं नाही. पण नळाचं सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, यांनाही नाही, आणि सांगितलं ते पडद्याआडून, मोडक्या हिंदीत, एका परक्या माणसाला. माझे वालिद होते, त्यांच्या नळाचं चाक मी काढून घेतलं, पाणी खाली जायचं म्हणून, आणि मरेपर्यंत ते नुसती दांडी फिरवत राहिले. एवढंच. बाहेर चहाची कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मग शेठ म्हणाले, "ये लाइन खाली रखो, बहन. मैं अम्मा को लिखता हूँ."

ते गेल्यावर हे आत आले. मला वाटलं, रागावतील. माझ्यासमोर उभे राहिले, म्हणाले, "मला कधी बोलली नाहीस ते?" आणि उत्तराची वाट न बघता दुकानात गेले. त्या संध्याकाळी येताना त्यांनी मासळी आणली, स्वतः साफही केली.

आज शिराझहून उत्तर आलं. शेठ ते पत्र नाचवतच आले. फारशीतलं वाचून आम्हाला हिंदीत सांगताना त्यांना इतकं हसू येत होतं की मध्येच थांबावं लागत होतं. आईनं लिहवून घेतलंय, मला चाक हवं. मोठं हवं, कारण माझी बोटं दुखतात. बंद करणार नाही, कसम, पण कमी करीन, हे घर माझं आहे की बॉयलरचं? आणि शेवटी लिहिलंय की चाक आवाज न करणारं पाठवा, बहूला कळता कामा नये.

"सास-बहू!" शेठ म्हणाले. "पूरी दुनिया में एक ही है!" हेसुद्धा हसले. मीही हसले असेन. मग ते गेले, आणि मी कॅटलॉग उघडून बसले, आणि तेव्हापासून उठबस चाललीय.

कारण व्हॉल्व्ह तर सापडलाय. शेवटच्या पानांवर आहे, नव्या धर्तीचा. चाक मोठं, त्यावर आकडे, आणि अगदी खालच्या आकड्यावर आणलं तरी खोली फारच गार पडली की तो आपोआप थोडं पाणी आत सोडतो. म्हातारीला फिरवता येईल आणि हातही निळे पडणार नाहीत. शेठना पसंत आहे. कॅटलॉगात माप आहे, धातू आहे, दाब आहे. आवाजाबद्दल काही लिहिलेलं नाही. मी पत्रात तो प्रश्न लिहिला, हे चाक फिरवताना आवाज करतं का, आणि लिहून झाल्यावर ते वाक्य माझ्याकडेच बघत बसलं.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी तुम्हाला पाणी पाजायला वाकले, पदराची गाठ सुटली आणि चाक खाटेपाशी फरशीवर पडलं. पितळेचं, खणकन वाजलं, गोल फिरत जाऊन भिंतीला टेकलं. तुम्ही मान वळवून ते थांबेपर्यंत बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "पाणी इला काय गो?" मी म्हटलं, "नाही अजून." तुम्ही मान डोलावलीत. त्यानंतर चोराबद्दल कधी विचारलं नाहीत. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुम्हाला ते काय आहे हे कळलं नसेल. तीस वर्षं चाकांत काढलेल्या माणसाला.

ते चाक आता या कागदावर ठेवलंय, पंख्यानं उडू नये म्हणून. शेठनी त्या दिवशी जाता जाता विचारलं होतं, "वो चक्का अभी किधर है?" मी म्हटलं, फेकून दिलं.

डाकेत उद्या एकच पत्र जाईल, इंग्लंडचं. शेठसाठी हिंदीत एक चिठ्ठी लिहून ठेवलीय, दर थंडीत चाकाच्या दांडीला तेलाचा एक थेंब सोडायचा म्हणून. हे पत्र कॅटलॉगच्या शेवटच्या पानात घालून ठेवीन. त्याआधी एक सांगायचंय, ते शेठना सांगितलेलं नाही आणि यांनाही नाही. खाली पाणी गेलं ते एकदाच, बाबा. चाचींनी ते हसण्यावारी नेलं होतं. चाक मी काढलं ते त्याच्या आवाजापायी. तुम्ही फिरवलंत की ते कुईं करायचं, दिवसभर, आणि पाळण्यातलं पोर दचकून उठायचं, आणि मी सव्वीस वर्षांची होते, मला तो आवाज सोसेना. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली खिडकीत होती. मी ती उचलली नाही, आणि तेलवाल्याच्या हातातही दिली नाही.