उघडं दार

आत्याबाई, आज सकाळी तुमच्या मुलाला कुशीवर वळवायला गेले आणि ते माझ्या हातून निसटले. पडले नाहीत, पलंगाच्या कडेला अडकले. मी त्यांच्या खांद्याला माझा खांदा लावून तशीच जमिनीवर गुडघे टेकून बसले. वर ढकलायला बळ नाही आणि सोडायची सोय नाही. ते म्हणाले, "राहू दे, जरा अशीच बस." सगळ्या संसारात इतक्या मायेनं ते कधी बोलले नव्हते, आणि मला मात्र रडू फुटलं. शेवटी उशा लावून लावून कसेबसे सरकवले. मग कुणाला तरी हे सांगावंसं वाटलं आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणी आठवेना. मेलेल्या सासूला पत्र लिहिणारी सून बहुधा मी पहिलीच.

तुम्हाला अर्धांग झालं ते राज्यांची मोडतोड चालली होती त्या दिवसांत. राजधानी म्हणून नागपूर आपलं राहिलं नाही, भोपाळ आपलं झालं. मोठे भाऊजी बिऱ्हाड घेऊन अकोल्याकडे गेले. हे इथंच राहिले, कचेरीत हिंदीतून टिपणं लिहायला शिकत. शनवारा पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत रोज तोच विषय, आपण आता इकडचे का तिकडचे. भाऊजी तुम्हाला न्यायला आले तेव्हा तुम्ही वाकड्या तोंडानं सरळ सांगून टाकलंत, "राज्य कुठंबी जाऊ दे, तापी कुठं जाते का? मी इथंच राह्यते." भाऊजी सुटले आणि मी अडकले. लग्नाला वर्ष झालेली मी पोर, त्या दिवशी तुमचा मला भारी राग आला होता.

सेवा करायला माझी ना नव्हती, पण मी दार लावून करायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही माझ्या माहेरची शिकवण. खोलीतला वास बाहेर जाऊ नये, तुमची ओली लुगडी कुणाला दिसू नयेत. तुमच्या पाठीला जखम पडली तेही मी कुणाला कळू दिलं नाही. एक दिवस तुम्ही चांगल्या हातानं माझं मनगट धरलंत.

"दार काहून लावते व? मी काय चोरीचा माल हाय?"

मी म्हटलं, लोक नावं ठेवतील.

"ठेवू दे. नावं ठेवाले तरी येतीन ना. एकटी करशीन तं तूबी मरशीन अन मलेबी मारशीन. उघड ते दार."

मी धुसफुसत उघडलं. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारची विणकरीण डोकावली, आपला चरखा उचलून आणून तुमच्या पायाशी बसली आणि सुताच्या कांड्या भरायला लागली. मग कुणी तुरीची डाळ निवडायला घेऊन आली, कुणी वाती वळायला. मदतीला आले असं एकीनंही म्हटलं नाही. घरी करायचं तेच काम त्या तुमच्या खोलीत करायच्या, आणि तुम्हाला वळवायची वेळ झाली की हातातलं ठेवून दोघी उठायच्या. इतवारा बाजारात भाजी विकणाऱ्या बाईनं तुमची पाठ पाहिली. नदीपलीकडं तिची केळीची बाग. तेव्हापासून ती रोज केळीचं कोवळं पान आणून द्यायची, त्यावर तुम्हाला निजवायचं. जखम भरत आली तेव्हा तुम्ही ऐटीत म्हणालात, "नैवेद्यासारखी वाढली व मले पानावर." सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी.

आणि दर रविवारी तुम्ही मला घराबाहेर काढायच्या. "कंटाळली मी तुहं तोंड पाहून पाहून. जाय, नदीवर बसून ये." मी घाटाच्या पायरीवर नुसती बसायची. परत आले की कुठं गेलीस, काय केलंस, काही विचारायच्या नाहीत. सोन्याच्या पाटल्या तुम्ही थोरल्या जाऊबाईंना दिल्यात, माझ्या वाट्याला हे घाटावरचं बसणं आलं. तेव्हा मला ते कमी वाटलं होतं, आता नाही वाटत.

आता आम्ही याच गावात, लालबागेत राहतो. घर चांगलं आहे, जाळीचं दार, लोखंडी दार, वर कडी. मुलगा पुण्याला. त्यानं हवेची गादी पाठवली आहे, तिची मोटर दिवसभर गुणगुणते, सोबत म्हणाल तर तेवढीच. फोनवर म्हणतो, आई, बाई ठेव. ठेवली होती, चांगली होती, पण तिचीच आई अंथरुणाला खिळली, मग ती काम सोडून गेली. दवाखान्यातली नर्स म्हणते, उचलायची-वळवायची रीत घरच्यांना शिकवतो, एकदा या. यांना कुणावर सोडून जाऊ, हे ती सांगत नाही. समोरच्या घरी एक तरुण सून आहे. भेटली की म्हणते, "आंटी, काही काम असलं तर बोलना हां, संकोच मत करो." आणि मी दर वेळी म्हणते, "काही नाही गं, सब ठीक है." माहेरची मूठ अजून झाकलेलीच.

आज सकाळच्या त्या प्रकारानंतर मी दोन्ही दारं सताड उघडली. यांच्या पलंगापाशी सूप घेऊन डाळ निवडत बसले. डाळ पिशवीतली, निवडून आलेली, तरी निवडली. थोड्या वेळानं समोरची सून बाजारातून भाजी घेऊन परत आली. बाहेरूनच म्हणाली, "आंटी, दरवाजा खुला रह गया तुमचा. कुत्रं घुसेल ना." आणि हळूच, आवाज न करता, दार ओढून घेतलं. गुणाची पोर आहे.

तिला थांबवायला मी तोंड उघडलं, आणि काय म्हणून हाक मारू ते सुचेना. समोर राहायला येऊन तिला दोन दिवाळ्या झाल्या, मी तिचं नाव विचारलेलं नाही.

दुपारी यांना परत वळवायचं आहे. दार मी पुन्हा उघडलंय. उठून समोर जायचं, नाव विचारायचं, आणि ये म्हणायचं, इतकंच काम आहे. खरं सांगते आत्याबाई, ते जमेना म्हणूनच तुम्हाला लिहीत बसले.