कबरीवरची पाटी

प्रिय जयंती,

गेला आठवडाभर माझा पाय घरात ठरत नाही. अंबरीष म्हणतो, "आई, टोकियोतल्या एदोगावाच्या या फ्लॅटची जमीन झिजवशील." सूनबाई नुसता चहा पुढे करते, म्हणजे तिलाही तेच म्हणायचं असतं. रागावले की मी येरझाऱ्या घालते, तुला नवीन नाही. राग कशाचा, ते सांगते.

शाळेच्या हॉलमधला फोटो आठवतो? नऊवारी, गळ्यात क्रूस, हातात स्टेथोस्कोप. डॉक्टर सुप्रभाबाई. जपानमधल्या डोंगरी खेड्यात त्यांनी क्षयरोग्यांचा दवाखाना काढला आणि तिथेच वारल्या. फोटोखाली आडनाव नव्हतं. सिस्टर म्हणायच्या, देवाच्या माणसांना आडनाव कशाला! आपण दरवर्षी त्यांच्यावर निबंध लिहायचो, दरवर्षी तोच.

तर इथे येऊन त्यांची कबर पाहिल्याशिवाय मी कशी राहणार? अंबरीषला वेळ नाही म्हणून त्या गावी एकटीच गेले, जपानी अक्षर वाचता येत नसताना. स्टेशनात बाईंचा हा भलामोठा फोटो. दुकानात गोड सारणाच्या पावांची खोकी, त्यांवर पुन्हा बाई, पदर खांद्यावरून घेऊन हसणाऱ्या. मला वाटलं, वा, गावाला कदर आहे! आणि चर्चच्या मागे जाऊन बघते तर गुडघाभर गवत. शेवाळलेला दगड, त्यावर देवनागरीत फक्त 'सुप्रभा'. आणि दगडाला तारेने बांधलेली प्लास्टिकची पाटी. माझं डोकंच फिरलं. कबरीवर जाहिरात लावतात मेले! उपटून काढली, नळाचं पाणी आणून रुमालाने दगड लख्ख घासला. इथे रस्त्यात कचऱ्याच्या पेट्या नसतात, आपला कचरा आपणच घरी न्यायचा. म्हणून ती पाटी पर्समध्ये घातली आणि मोठं पुण्यकर्म केल्यासारखी परतले.

घरी कचरा वेगळा करताना नात, सलोनी, विचारते, "आजी, हे जळणाऱ्यात की प्लास्टिकमध्ये?" आणि तिने पाटी वाचून दाखवली. चर्च बंद होतंय, असं त्यावर लिहिलं होतं. या कबरीचं कुणी नातेवाईक असेल तर मार्चच्या आत कळवावं. नाहीतर अस्थी शहरातल्या सामाईक कबरीत हलवल्या जातील. म्हणजे त्या बाईसाठी जी एकच हाक मारली जात होती, ती मी कचऱ्यात टाकायला घरी आणली होती!

अंबरीषने कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी रजा काढून तो माझ्याबरोबर आला, आणि पाटी आम्ही होती तशी बांधली. तिथले म्हातारे फादर भेटले. म्हणाले, गावाने बाईंसाठी जागा राखून ठेवली आहे, त्यांच्या जुन्या रुग्णांच्या शेजारी. पण अस्थी तिथे न्यायला घरच्या माणसाचा होकार हवा. मी तावातावाने विचारलं, "खोक्यावर तोंड छापलंत तेव्हा कुणाचा होकार घेतला होतात?" ते शांतपणे म्हणाले, "फोटोला नातेवाईक लागत नाहीत. हाडांना लागतात."

आठवीत सिस्टरनी हॉलमध्ये विचारलं होतं, बाईंच्या घरच्यांविषयी कुणाला काही माहीत आहे का. तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की वळ उठला. मधल्या सुट्टीत नळापाशी मला शपथ घालून सांगितलंस, ती तुझ्या बाबांची सख्खी आत्या. बाप्तिस्मा घेतला म्हणून घरच्यांनी ती जिवंत असताना तिचं श्राद्ध घातलं आणि आडनाव काढून घेतलं. तिचं नाव तुमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. निबंधात मात्र तू तिच्यावर पहिला नंबर मिळवायचीस, आणि मी एका शब्दाने कधी बोलले नाही. तुझ्या नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नाही.

जयंती, ती शपथ मी परवा मोडली. फादरना तुझा फोन नंबर दिला आहे. तुला विचारून दिला असता तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. हवं तितकं भांड माझ्याशी, मी भांडायला कुठे कमी आहे? पण त्यांचा फोन येईल. इंग्रजी मोडकं आहे, नीट ऐकून घे. ते विचारतील, "सुप्रभाबाई तुमच्या कोण?" तुझ्या घराने या प्रश्नाला कधीच उत्तर दिलं नाही. तू दे. राँग नंबर म्हणून फोन ठेवू नकोस.

तुझीच, शेजारच्या बाकावरची,
कल्पना