काल सकाळपासून कॅप्सूल न घेता

मी, सुहासिनी दत्तात्रय ओगले, वय ३२, राहणार वैशाली, गाझियाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. ‘कोणत्याही नशेच्या अमलाखाली नसताना’ असं वकिलांनी मसुद्यात घातलं आहे. ते वाक्य खरं व्हावं म्हणून काल सकाळपासून मी कॅप्सूल घेतलेली नाही. अंग ठणकतं आहे, नाक गळतं आहे, पण शुद्ध पूर्ण आहे.

दहाव्या वर्षी मला मांडीच्या हाडाचा कॅन्सर झाला. मी वाचले, दुखणं मागे राहिलं. डॉक्टरांनी कॅप्सूल महिन्याभरापुरत्या दिल्या होत्या. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तोवर बाबा तीच चिठ्ठी केमिस्टला दाखवत राहिले. पोर कण्हू नये, एवढंच त्यांना हवं होतं, म्हणून त्यांना दोष देत नाही. पुढे चिठ्ठीही लागेना. आता दुखतं म्हणून घेते की घेतल्याशिवाय राहवत नाही म्हणून, हे माझं मलाच कळत नाही. त्या वेळच्या कॅन्सरवरच्या औषधांनी हृदयही थकलं आहे. मीही थकले आहे. म्हणून हा कागद.

१. हा फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला आहे. तो कांता बाबूराव शिरसाट हिला मिळावा. इस्पितळात ती माझ्या शेजारच्या खाटेवर होती, तीही वाचली. चार वर्षं ती माझ्याकडे राहते, कॅप्सूलचा डबा स्वतःच्या कुलपात ठेवते आणि दिवसाला दोनच देते. त्यापायी मी तिला नाही नाही ते बोलले. ते सगळं मागे घेते.

२. आईची बिडाची कढई राधावहिनीला. दादाच्या नकळत ती फोन करून माझी चौकशी करत असे.

३. थोरला भाऊ श्यामकांत, राहणार गुडगाव, याला बाबांचं घड्याळ. बाकी काही नाही. फ्लॅटचं कळल्यावर तो वकिलांना म्हणाला, “उसको होश कहाँ रहता है?” दादा, कोर्टातही तू हेच म्हणणार. चार वर्षांत एकदा येऊन बघायचं होतंस.

मघाशी कांताने आपणहून डबा उघडला. म्हणाली, “एक घे गं. बघवत नाही.” मी म्हटलं, “आधी सही.”

खालची सही थरथरली आहे. बँकेतल्या सहीशी ती जुळणार नाही. बँकेतली सही कॅप्सूल घेऊन केलेली आहे.

सुहासिनी द. ओगले

साक्षीदार:
१. डॉ. भालचंद्र सोमण (तपासून, समक्ष सही केली)
२. राजाभाऊ निमकर, खालच्या मजल्यावरचे शेजारी

वैशाली, गाझियाबाद
१४ सप्टेंबर २००३